पीएस टू चा बायोस घरीच काढायचाय? फ्री एमसीबूट कार्ड आणि बायोसड्रेनचा नाशिककराने केलेला रिव्ह्यू

मार्क आधीच देऊन टाकतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथूनच कटतील. ऑनलाइन मागवलेल्या फ्री एमसीबूट कार्डाला पाचपैकी साडेतीन, बायोसड्रेन नावाच्या फुकट सॉफ्टवेअरला पाचपैकी पाच, आणि एमजी रोडवरच्या ज्या दुकानदाराने "भाऊ कशाला डोक्याला ताप करून घेता, सगळे बायोस हायेत माझ्याकडे, दोनशे द्या पेनड्राइव्हमध्ये टाकून देतो" असं सांगितलं त्याला शून्य. माणूस गोड होता, चहा पण पाजला, पण शून्य.

ज्यांना विषयच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्लेस्टेशन टू म्हणजे पीएस टू, सोनीचा गेम कन्सोल, त्याचे गेम कॉम्प्युटरवर खेळायला पीसीएसएक्स टू नावाचा एम्युलेटर (कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) लागतो, तो फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २०२४ च्या जुलैमध्ये त्याचं २.० व्हर्जन आलं आणि तेव्हापासून वापरायला एकदम सोपा झालाय. पण तो नुसता टाकून चालत नाही, पहिल्यांदा चालू केला की बायोस मागतो. बायोस म्हणजे कन्सोलच्या आतल्या रॉम चिपमध्ये सोनीने भरून ठेवलेलं सिस्टीम सॉफ्टवेअर, मशीन ऑन केल्यावर जे पहिलं उठतं ते. त्याचा कॉपीराइट सोनीचा, म्हणून एम्युलेटरवाले ते सोबत देत नाहीत, तुमच्या स्वतःच्या मशीनमधून काढा असं सरळ सांगतात. आणि इथेच नव्वद टक्के पोरं गूगल उघडतात आणि कुठलीतरी घाणेरडी साइट उघडून "बायोस पॅक" च्या नावाखाली ईएक्सई फाइल डाउनलोड करून लॅपटॉपची वाट लावून घेतात. एक गोष्ट डोक्यात फिट करा, बायोसची फाइल ही कधीच ईएक्सई नसते, इन्स्टॉल करायला सांगितलं की समजा गडबड आहे.

आमच्याकडे पीएस टू आहे तो स्लिम. वडील सातपूरला कंपनीत होते, तेव्हाच्या दिवाळी बोनसमधला, त्याआधी कॉलेज रोडच्या पार्लरमध्ये तासाचे पैसे भरून खेळायचो ते बंद व्हावं हा घरच्यांचा हिशोब होता. (बंद झालं नाही, पार्लर पण चालू राहिलं आणि घरचा पण.) आता लेन्स म्हातारी झालीय, डिस्क टाकली की दहादा खरखर करते तेव्हा एकदा वाचते, नवीन लेन्स मिळते पण चांगली मिळेल याची गॅरंटी नाही. भाच्याला मात्र मामाचे जुने गेम पाहिजेत. म्हटलं मशीन जिवंत आहे तोवर त्याच्यातलं जे काढायचंय ते काढून ठेवू.

तर कार्ड. फ्री एमसीबूट हे साधारण २००८ पासून आहे, मेमरी कार्डवर बसणारं छोटं सॉफ्टवेअर. याची गंमत अशी की सोनीनेच पीएस टू मध्ये एक सोय ठेवली होती, मशीन चालू होताना मेमरी कार्डवर सिस्टीमचं अपडेट आहे का ते बघायचं आणि असलं तर ते चालवायचं. फ्री एमसीबूट त्याच दाराने आत शिरतं. मशीन उघडायचं नाही, सोल्डरिंग नाही, चिप (कॉपी डिस्क चालाव्यात म्हणून आत जोडतात ती) मारायची नाही, कार्ड पहिल्या स्लॉटमध्ये घाला आणि पॉवर दाबा, नेहमीच्या मेनूत जास्तीचे दोनचार पर्याय दिसायला लागतात. कार्ड काढलं की मशीन परत होतं तसं. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट हीच, कारण "सेफ आहे का" हा प्रश्न मला चार जणांनी विचारला आणि त्याचं उत्तर इथेच आहे: कन्सोलच्या आत काहीच लिहिलं जात नाही. बायोस रॉममध्ये असतो, आपण तो फक्त वाचतो. वाचता वाचता लाइट गेली (आणि जुलैत सिडकोत लाइट जाणार नाही असं होईल का) तर पेनड्राइव्हवर अर्धवट फाइल राहील, मशीनला ढिम्म फरक पडत नाही, लाइट आली की परत करा.

फ्री एमसीबूट सगळ्या मशीनवर चालत नाही, आणि विकणारे ते सांगत नाहीत. २००८ च्या शेवटाकडे सोनीने ते दारच बुजवून टाकलं. म्हणजे ज्यांच्याकडे एससीपीएच-९०००० सिरीजचा स्लिम आहे त्यांनी ऑर्डर करायच्या आधी मशीन उलटं करून स्टिकरवरचा डेट कोड बघा, आकडा म्हणजे वर्ष आणि अक्षर म्हणजे तिमाही, ८ए ८बी असेल तर बिनधास्त घ्या, ८सी असेल तर नशिबाचा खेळ आहे काही चालतात काही नाही, ८डी किंवा ९ ने सुरू होणारं असेल तर हे कार्ड तुमच्यासाठी नाही. अशांनी ओपनट्यूना घातलेलं कार्ड मागायचं, ते वेगळ्या मार्गाने चालतं. तिसरा रस्ता म्हणजे फ्रीडीव्हीडीबूट, २०२० मध्ये आलेला, त्यात कार्डच नको, कन्सोलच्या डीव्हीडी प्लेअरमधली चूक वापरून साध्या कोऱ्या डीव्हीडीवरून सगळं चालू होतं, स्लिमवर छान चालतं म्हणतात. पण त्याला लेन्स धड पाहिजे आणि आमची लेन्स कशी आहे ते वर लिहिलंच आहे, शिवाय डीव्हीडी राइट करणारा ड्राइव्ह आजकाल कोणाच्या लॅपटॉपमध्ये उरलाय. ज्यांच्या मशीनला त्या काळात चिप मारलेली आहे, आणि आपल्याकडे निम्म्यांना मारलेली असतेच, त्यांना सीडीवरूनच यूलाँचएल्फ, म्हणजे पीएस टू चा फाइल मॅनेजर, चालू करता येतं, कार्डाचा खर्च वाचला.

माझं कार्ड सातशेच्या आत पडलं. पाकीट साधंच, आत काही कागद नाही. वर ६४ एमबी छापलंय. सोनीचं ओरिजिनल कार्ड ८ एमबीचं असायचं हे ज्यांना आठवतं त्यांना हे भारी वाटेल, पण मला उलट वाटतं, या मोठ्या साइजच्या बिनकंपनीच्या कार्डांवर सेव्ह उडाल्याच्या तक्रारी खूप ऐकल्यात, त्यामुळे मी ते फक्त बूट करायला वापरतो, माझे सेव्ह त्याच्यावर ठेवत नाही आणि तुम्हीही ठेवू नका. प्लास्टिक हलकं, स्लॉटमध्ये थोडं ढिलं बसतं, एकदोनदा मशीनने कार्डच ओळखलं नाही, काढून परत घट्ट बसवलं की ओळखतं. आत १.९६६ व्हर्जन होतं, बरोबर, तेच असायला पाहिजे. सोबत विकणाऱ्याने स्वतःच्या मनाने भरलेली पाचसहा जास्तीची ॲप्स, त्यातली आपल्या कामाची एकच, यूलाँचएल्फ. बाकीच्यांना हात लावायची गरज नाही. दीड मार्क कापले ते या ढिलेपणाचे आणि डेट कोडबद्दल एक ओळही न लिहिल्याचे.

आता बायोसड्रेन. हा प्रोग्राम गिटहबवर फुकट मिळतो, पीसीएसएक्स टू च्या स्वतःच्या मार्गदर्शनात पण हाच सुचवलाय, त्यामुळे कुठल्या ऐऱ्यागैऱ्या साइटवर जायचं कारणच नाही. एक ईएलएफ फाइल (पीएस टू वर चालणारा प्रोग्राम) असते, ती पेनड्राइव्हवर टाकायची. पेनड्राइव्हबद्दल मात्र नीट ऐका कारण लोक अडकतात ते इथेच, कार्डाला आणि मशीनला शिव्या घालतात आणि चूक असते पेनड्राइव्हची. तो फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला पाहिजे. नवीन ६४ किंवा १२८ जीबीचे पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये येतात, आणि विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच दाखवत नाही. सगळ्यात भारी म्हणजे घरातला जुना ४ किंवा ८ जीबीचा, बँकेने नाहीतर कुठल्या सेमिनारमध्ये फुकट दिलेला पेनड्राइव्ह शोधा. स्पीडची काळजी नको, पीएस टू चे यूएसबी पोर्ट १.१ चे आहेत, त्याला वेगवान पेनड्राइव्ह देऊन काय फायदा, बैलगाडीला रेसिंगचे टायर लावल्यासारखं होईल.

मग काय, पेनड्राइव्ह समोरच्या यूएसबी पोर्टात, कार्ड पहिल्या स्लॉटात, मशीन ऑन, मेनूतून यूलाँचएल्फ, त्यात 'मास' म्हणून जो फोल्डर दिसतो तो पेनड्राइव्ह, त्यात जाऊन बायोसड्रेनवर गोल बटण. स्क्रीनवर अक्षरं पळतात, काय काय काढतोय ते सांगतो, आणि चहा गाळून येईपर्यंत झालेलं असतं. ना कुठली सेटिंग विचारतो, ना जाहिरात, ना "प्रो व्हर्जन घ्या". इतकं सरळ सॉफ्टवेअर मी बऱ्याच वर्षांत बघितलेलं नाही, म्हणून पाचपैकी पाच.

बाहेर एकच फाइल येत नाही, चारपाच येतात, घाबरू नका. मुख्य ती बिन फाइल, ती बरोबर ४ एमबीची पाहिजे, म्हणजे प्रॉपर्टीजमध्ये ४१,९४,३०४ बाइट दिसलं पाहिजे, एक बाइट इकडे नाही तिकडे नाही. रॉम१ आणि ईरॉम या डीव्हीडी प्लेअरशी संबंधित. एनव्हीएम म्हणजे तुमच्या मशीनची सेटिंग, भाषा, स्क्रीन कुठे सरकवलाय वगैरे, ती फक्त १ केबीची असते. आणि मेक नावाची फाइल तर चारच बाइटची, लोक तिला रिकामी समजून डिलीट करतात, करू नका. प्रत्येक मशीनमधून सगळ्याच फाइल्स निघतील असं नाही, पण ज्या निघाल्या त्या सगळ्या एकत्र, एकाच नावाने ठेवायच्या, नाव बदलायला जाऊ नका.

आणि एकदा काढून थांबू नका, दोनदा काढा. पहिल्या वेळच्या फाइल्स लॅपटॉपवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, मग परत पूर्ण तेच करा, आणि दोन्ही बिन फाइल्सचा हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा आकडा) जुळवा. विंडोजमध्ये त्यासाठी वेगळं काही टाकावं लागत नाही, कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल नावाची कमांड असते, तिला हॅशफाइल आणि फाइलचं नाव द्यायचं, शेवटी एसएचए२५६ लिहायचं, लांबलचक आकडा येतो. दोन्हीचा आकडा सारखा आला की समजायचं कॉपी चोख आहे. माझा आला. हे कंटाळवाणं वाटतं पण अर्धवट बायोस घेऊन एम्युलेटर का लटकतोय म्हणून आठवडाभर डोकं खाजवण्यापेक्षा बरं.

पण खरं सांगू का, बायोस काढणं हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम नाहीच. रॉममधला बायोस वर्षानुवर्षं तसाच राहतो, तो कुठे पळून जात नाही. जाणार आहेत ते जुन्या मेमरी कार्डवरचे तुमचे सेव्ह, कारण ती फ्लॅश मेमरी, पंधरावीस वर्षं कपाटात दमट हवेत पडलेली. म्हणून माझं म्हणणं असं की कार्ड आलं की आधी सेव्ह काढा आणि मग बायोस. यूलाँचएल्फमध्ये जुनं कार्ड दुसऱ्या स्लॉटात लावा, फोल्डर कॉपी करा आणि पेनड्राइव्हवर पेस्ट करताना साधं पेस्ट न करता पीएसयू पेस्ट निवडा, म्हणजे प्रत्येक सेव्हची एकेक फाइल बनते, नंतर मायएमसी नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती एम्युलेटरच्या कार्डात घालता येते. इथे मात्र सांभाळून, चुकून कट करू नका, आणि जुन्या कार्डवर काही लिहिलं जात असताना लाइट गेली तर कार्ड खरंच बिघडू शकतं. जमलं तर टीव्ही आणि मशीन इन्व्हर्टरवर घ्या, वर वीज कडाडत असेल तर सरळ उद्यावर ढकला.

सेव्ह काढल्याचा एक बोनस असा की पीएस टू चालू करताना ते निळ्या अंधारात उंच उंच खांब दिसतात ना, ते नुसतं डेकोरेशन नाहीये, तुम्ही कुठले गेम किती खेळलात त्यावरून ते खांब बनतात, आणि तो हिशोब मेमरी कार्डवरच्या सिस्टीमच्या फोल्डरमध्ये असतो. एम्युलेटर नवीन कार्डवर चालवला तर तिथे ओसाड दिसतं. जुन्या कार्डवरचा तो फोल्डर पण सोबत आणला आणि पीसीएसएक्स टू मध्ये फास्ट बूट (सुरुवातीचा स्क्रीन गाळणारी सेटिंग) बंद ठेवलं तर शाळेतल्या सुट्ट्यांमधले खांब लॅपटॉपवर उभे राहतात. भाच्याला यात काय एवढं ते कळलं नाही, "मामा स्किप कर ना" म्हणाला.

मशीन बऱ्याच काळाने चालू करणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की बघा, ॲडॉप्टर. माझ्या मते या पूर्ण कामात कन्सोल जळायची खरी भीती असेल तर ती इथेच आहे. ७०००० सिरीजपासूनच्या पातळ मशीनला बाहेरचा ॲडॉप्टर लागतो आणि तो ८.५ व्होल्टचा असतो, ९०००० च्या सिरीजमध्ये तो आतच बसवलाय. ॲडॉप्टर हरवला म्हणून केबल टीव्हीच्या बॉक्सचा १२ व्होल्टचा पिन जुळवून लावणारे लोक मी बघितलेत, आणि शालिमारला तसा जुगाड करून देणारे पण आहेत. करू नका. आणि कोणाचा काका अमेरिकेहून घेऊन आलेला जाडा पीएस टू असेल तर तो ११०-१२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० च्या सॉकेटमध्ये सरळ लावला की धूर. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावा. चालू केल्यावर दर वेळी तारीख विचारत असेल तर ते काही बिघाड नाही, आतली बटण सेल संपलीय, सीआर२०३२, घड्याळवाल्याकडे मिळते.

कायद्याबद्दल पण बरेच विचारतात म्हणून. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये अपवादांची यादी आहे, त्यात कॉम्प्युटर प्रोग्रामची कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे त्याने ती खराब व्हायच्या भीतीने बॅकअप घेणं येतं, आणि कायदेशीर मिळवलेल्या स्वतःच्या प्रतीवरून वैयक्तिक, धंदा न करता वापरासाठी कॉपी करणं पण येतं. मी वकील नाही, पण साधं मराठी वाचता येतं, आणि त्यात 'स्वतःच्या प्रतीवरून' हे महत्त्वाचं. दुकानदाराच्या पेनड्राइव्हमधला बायोस हा माझ्या मशीनचा नाही आणि तो तर त्याचे दोनशे रुपये घेतोय. म्हणून त्याला शून्य, आणि वरून त्याने दिलेला कुठल्या रीजनचा (म्हणजे कुठल्या भागात विकलेल्या मशीनचा), कुठल्या व्हर्जनचा, मधेच कोणी छेडछाड केलेला आहे का, हे तपासायला माझ्याकडे काहीच नाही. स्वतःच्या मशीनमधला असला की निदान माहीत तरी असतं तो कुठून आला.

एम्युलेटरमध्ये टाकणं तर अगदीच किरकोळ, सगळ्या फाइल्स पीसीएसएक्स टू च्या बायोस फोल्डरमध्ये टाका, सेटिंगमध्ये रिफ्रेश दाबा, तुमच्या बायोसचं नाव आणि रीजनचा झेंडा दिसतो, निवडा, झालं. गेमच्या डिस्क कॉम्प्युटरच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचल्या जातात, कन्सोलची लेन्स गेली तरी डिस्क वाया गेली असं नाही, आमच्याकडे २००९ चा हैदराबादला बनलेला हनुमानाचा गेम आहे तो मी याच पद्धतीने आयएसओ (पूर्ण डिस्कची एक फाइल) करून ठेवला, आता अशी डिस्क परत कुठे शोधणार. ड्राइव्ह नसेल तर यूएसबीवाला बाहेरचा ड्राइव्ह एमजी रोडला अजून मिळतो, फक्त पक्कं बिल मागा. फोनवर खेळणाऱ्यांना पण हाच बायोस चालतो, पण एथरएसएक्स टू हा फोनवरचा एम्युलेटर बनवणाऱ्याने २०२३ च्या सुरुवातीला लोकांच्या त्रासाला कंटाळून काम थांबवलं, त्यामुळे मी तरी लॅपटॉपच सुचवेन.

कार्ड मी कोणाला पण उसनं देतो, एका मित्राच्या जाड्या पीएस टू वर पण ते नीट चाललं. बायोसची फाइल मागू नका, ती देत नाही. सिडको, इंदिरानगरकडे ओळखीतल्या कोणाला पाहिजे असेल तर आधी आपल्या मशीनच्या मागच्या स्टिकरचा फोटो पाठवा, ९०००० सिरीजचं आणि ८डी किंवा त्याच्या पुढचं निघालं तर उगाच पेट्रोल जाळू नका, आणि पेनड्राइव्ह स्वतःचा आणा, फॅट३२ करून.